पाट्याचं पोर

मेक्सिको सिटीत आम्ही अडीच वर्षं काढली, नवऱ्याच्या कंपनीनं पाठवलं म्हणून. दुसऱ्या हिवाळ्यात आई आल्या, आई म्हणजे माझ्या सासूबाई, कराडच्या, वय तेव्हा एकाहत्तर, मराठी सोडून दुसरी भाषा नाही, हिंदी सिरियलपुरती कळते तेवढीच. आठवडाभर घरात बसून त्यांना कंटाळा आला, शेजारपाजार नाही, खाली जाऊन दोन शब्द बोलायची सोय नाही, म्हणून मी त्यांना ला मेर्सेदच्या बाजारात घेऊन गेले. तिथं वाळलेल्या मिरच्यांचे ढीग बघून त्या एकदम खुलल्या, प्रत्येक ढिगातली एक मिरची उचलून वास घ्यायच्या आणि मला सांगायच्या ही ब्याडगीसारखी, ही नुसती रंगाला, ही घसा जाळेल बघ. आणि मग एका कडेला दगडाची भांडी घेऊन बसलेल्या एका बाईपुढे त्या थांबल्या त्या थांबल्याच.

काळा, बारीक छिद्राछिद्रांचा ज्वालामुखीचा दगड. तीन पायांचा, एका बाजूला उतरता पाटा, त्यावर दोन्ही हातांनी ढकलायचा लांबट दगड. आई म्हणाल्या, "अगं, हा तर आपला वरवंटा की!" आणि खाली बसून त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, दोनदा वरखाली केला, कोरडाच. ती बाई हसली. मला म्हणाली, याला मेत्लापिल म्हणतात. बाजारात स्पॅनिशमध्ये सगळे नुसतं 'मानो' म्हणतात, म्हणजे हात, पण ही मूळची उआस्तेकाकडची, घरी नाउआत्ल ही तिकडची मूळची भाषा बोलणारी, तिनं तिच्या आईचा शब्द सांगितला. मेत्लात्ल म्हणजे पाटा. पिल्ली म्हणजे लेकरू. मेत्लापिल, पाट्याचं पोर.

मी ते आईंना मराठीत सांगितलं आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, तिला सांग, आमच्याकडं बारशाला वरवंट्यालाच बाळ करतात. टोपडं घालतात, कुंची घालतात, पाळण्याखालनं वरनं फिरवतात, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या म्हणतात, आणि मग खरं बाळ पाळण्यात. सांग तिला. मी सांगितलं. 'बारसं' आणि 'कुंची' स्पॅनिशमध्ये सांगताना माझी तारांबळ उडाली पण तिला कळलं, कारण तिनं तो दगड आईंच्या हातातनं घेऊन असा आडवा छातीशी धरला आणि हलकेच झुलवला.

नंतर किमतीवरनं बोलणं सुरू झालं. आई घासाघीस करताना जरा तिखट बोलतात, कराडच्या मंडईची सवय आहे. "एवढ्यात आमच्याकडं टाकीवाला अख्खा जोड दारात आणून देतो, लुटायला बसलीय का ही?" असं काहीतरी. मी तिला सांगितलं, आई म्हणतायत काम फार सुंदर आहे, थोडं कमी करता येईल का. ती म्हणाली, मार्चांतिता (गिऱ्हाईक बाईला तिथं लाडानं अशी हाक मारतात), हा दगड हातानं घडवायला किती दिवस जातात हे तुझ्या सासूला माहीत नाही. मी आईंना म्हटलं, ती म्हणतेय तुमच्यासाठी वीस पेसो कमी करते. तिनं केलेही, मीच नंतर विचारल्यावर. दोघी खूश. जाताना आईंनी तिचा धन्यवादाचा शब्द शिकून घेतला, त्लासोकामाती, आणि तो त्यांना जमला नाही, 'त्ल' त्यांच्या तोंडात 'तल' झाला, पण ती बाई डोळे पुसत हसली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्या दोघींच्या मध्ये उभी होते आणि किमतीचं बोलणं निघाल्यावर एकीचं दुसरीला जसंच्या तसं मी एकदाही पोचवलं नव्हतं. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं. हेतू चांगला होता हे खरं, पण त्या दोघींना आयुष्यभर असंच वाटत राहणार की आपण एकमेकींशी बोललो. आणि माझ्या डोक्यात पाचशे वर्षांपूर्वीची एक दुभाषी, मालिन्त्सिन आली, जिच्याबद्दल मी तोपर्यंत नुसतं वाचलं होतं.

शाळेत आपल्याला या सगळ्याचं एक वाक्य असतं, कोर्तेस नावाच्या स्पॅनिश माणसानं मूठभर सैनिकांनिशी अॅझ्टेक साम्राज्य जिंकलं. घोडे, तोफा, पोलाद. ते होतंच. देवीची साथही होती, 1520 मध्ये ती त्यांच्या राजधानीत शिरली आणि माणसं पटापट मेली, राजा मोक्तेझुमानंतर गादीवर आलेला क्विट्लाउआकसुद्धा त्यातच गेला. आणि त्लाश्कालासारख्या शेजारच्या राज्यांचे हजारो लढवय्ये स्पॅनिशांच्या बाजूनं उतरले, मेशिकांवर त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा राग होता, त्यामुळे 'मूठभर' हा शब्द मला पटत नाही. (मेशिका म्हणजे ज्यांना आपण अॅझ्टेक म्हणतो ते, त्यांचं स्वतःचं नाव तेच, त्यावरनंच मेक्सिको.) पण त्लाश्कालाशी तह करायचा तर कुणीतरी बोलायला पाहिजे ना. ते बोलणं कोण करत होतं?

1511 साली युकातानच्या किनाऱ्यावर एक स्पॅनिश जहाज फुटलं. त्यातले दोघं जण तिथल्या माया लोकांमध्ये राहून जगले. एक गोन्सालो गेररो, त्यानं तिथंच लग्न केलं, चेहरा गोंदवून घेतला, मुलंबाळं झाली, आणि 1519 मध्ये कोर्तेसचा निरोप आला तेव्हा तो गेला नाही. दुसरा खेरोनिमो दे आगिलार, तो आला. आठ वर्षांत तो माया भाषा शिकला होता. पुढे ताबास्कोमध्ये लढाई झाली, हरलेल्यांनी कोर्तेसला वीस बायका भेट दिल्या, सोन्याबरोबर, कोंबड्यांबरोबर. त्या वीसातली एक ही मालिन्त्सिन. मूळची नाउआत्ल बोलणाऱ्या मुलखातली, चांगल्या घरातली असावी, लहानपणी गुलाम म्हणून माया लोकांकडे गेलेली. म्हणजे तिला दोन्ही भाषा. त्या वर्षीच्या ईस्टरला व्हेराक्रूझच्या किनाऱ्यावर मोक्तेझुमाची माणसं भेटायला आली आणि आगिलारला त्यांचं अक्षरही कळेना, कारण त्याची माया, यांची नाउआत्ल. लोक 'अॅझ्टेक आणि माया' असं एका दमात म्हणतात पण या भाषांची घराणीच वेगळी आहेत, मराठी आणि कानडीसारखी, शेजारामुळे देवाणघेवाण झालेली पण रक्ताचं नातं नाही. तेव्हा ही पोरगी पुढे होऊन त्या लोकांशी बोलायला लागली, आणि कोर्तेसच्या लक्षात आलं.

मग साखळी अशी झाली: कोर्तेस स्पॅनिशमध्ये बोलणार, आगिलार ते मायामध्ये सांगणार, ती मायातनं नाउआत्लमध्ये. उत्तर याच वाटेनं उलटं. पुढे हळूहळू ती स्पॅनिश शिकली आणि मधला आगिलार लागेनासा झाला. पंधरासोळा, फार तर अठरा वर्षांची असेल. बाजारातल्या पाच मिनिटांत मी दोन वाक्यं बदलली, तिच्या जिभेवर तर राज्यंच उभी होती.

तिचं नाव. स्पॅनिशांनी बाप्तिस्मा देऊन मारिना केलं. नाउआत्लमध्ये 'र' नाही, म्हणून त्याचं झालं मालिना, आणि पुढे लावला मानाचा प्रत्यय 'त्सिन', आपण जसं जी, राव, बा लावतो तसा, त्यात मान पण येतो आणि जिव्हाळा पण येतो. मालिन्त्सिन, म्हणजे मारिनाबाई म्हणा. हा 'त्स' आपल्याला सहज येतो, चूल, चटणी, चांगलं यातला जो दातांजवळचा च आहे ना तोच. स्पॅनिशांना तो जमला नाही, त्यांनी मालिन्चे केलं. गुलाम म्हणून कोंबड्यांबरोबर दिलेल्या मुलीला तिच्याच मुलखातली माणसं मानाचा प्रत्यय लावून हाक मारत होती, हे मला फार मोठं वाटतं. आणि त्याहून नवल म्हणजे बेर्नाल दियाझ नावाचा त्या स्वारीतला शिपाई लिहितो की इथले लोक कोर्तेसलाच मालिन्चे म्हणायचे, मालिन्चेचा मालक या अर्थानं, कारण जेव्हा बघावं तेव्हा ती त्याच्या शेजारी. त्यांना ऐकू येणारा आवाज तिचा होता, हा दाढीवाला मागे उभा. कोर्तेस मात्र स्पेनच्या राजाला लिहिलेल्या 1520 च्या लांबलचक पत्रात तिचं नावसुद्धा घेत नाही. 'माझी जीभ, जी या देशातली एक इंडियन बाई आहे', एवढंच. त्या काळच्या स्पॅनिशमध्ये दुभाष्याला जीभच म्हणत, तो शब्द तिथून आला हे मला माहितेय, तरी वाचताना टोचतं.

आता 8 नोव्हेंबर 1519. टेनोच्टिटलान ही मेशिकांची राजधानी, तळ्यातलं शहर, तळ्यातनं जाणारे रुंद बांध, त्यातल्या एका बांधावर मोक्तेझुमा पालखीतनं उतरून कोर्तेसला सामोरा आला. मेशिकांच्या राजाची पदवी 'त्लातोआनी', तिचा शब्दशः अर्थ बोलणारा. राजा म्हणजे ज्याला बोलायचा अधिकार आहे तो. त्याच्यासमोर सामान्य माणसानं मान वर करायची नाही, तोंडाकडे बघायचं नाही. आणि त्या बोलणाऱ्याच्या तोंडाला तोंड देऊन बोलायला कोण उभं, तर ही.

मोक्तेझुमानं जे स्वागत केलं ते साहागुन नावाच्या पाद्र्यानं पुढे जमवलेल्या नाउआत्ल मजकुरात आहे. त्याचा भावार्थ असा की, महाराज, तुम्ही दमलात, शिणलात, आपल्या नगरीत पोचलात, आपल्या चटईवर, आपल्या आसनावर बसायला आलात, मी ती थोडा वेळ तुमच्यासाठी सांभाळली होती. कोर्तेसनं राजाला कळवलं की मोक्तेझुमानं राज्य आपल्या हवाली केलं. झालं. पुढची सगळी लढाई मग स्पॅनिश कागदांत बंड ठरते, कारण राज्य तर आधीच दिलेलं होतं!

नाउआत्लमध्ये दरबारी बोलण्याची वेगळी रीत होती, मुलंमुली लहानपणापासून ती शिकायची, त्यात थोर माणूस स्वतःला जितका लहान करून घेईल तितका तो थोर. दोन वस्तूंची नावं जोडून तिसरंच सांगायची पद्धत होती. पाणी-डोंगर म्हणजे गाव. फूल-गाणं म्हणजे कविता. आणि चटई-आसन म्हणजे सत्ता. आपल्याला हे समजायला अजिबात जड नाही, आपण मीठभाकर म्हणतो तेव्हा पानात मीठ आणि भाकरीच नसते आणि 'गादीवर बसला' म्हणतो तेव्हा कापूस डोळ्यापुढे येत नाही. आणि दारात आलेल्या पाहुण्याला आपण म्हणतोच की, या, दमला असाल, बसा, घर आपलंच आहे. ते ऐकून पाहुणा सातबारा नावावर करायला तलाठ्याकडे जात नाही. मोक्तेझुमा नेमका काय म्हणाला यावर इतिहासकारांचे वाद आहेत, हे भाषण नंतर रचलं असंही काही जण म्हणतात, कारण लिहिलं गेलं ते कित्येक वर्षांनी. पण मला त्या बांधावरची मुलगी दिसते. हे आदबीचं, उलटं, वळणं घेत जाणारं बोलणं तिला कळत होतं, चांगल्या घरातली असावी असं म्हणतात ते त्यामुळेच. ते तिनं मायामध्ये आगिलारला कसं सांगितलं असेल? आणि आगिलारनं, ज्याला दरबाराचा गंधही नाही, त्यानं पुढे काय पोचवलं असेल? 'घर आपलंच आहे'चं 'घर तुमचं आहे' व्हायला एकच शब्द पुरतो.

मेक्सिकोत आज 'मालिन्चिस्ता' ही शिवी आहे. परक्याचं ते चांगलं मानणारा, घरभेदी. मला त्याचा खरंच राग येतो. ती कुणाशी बेइमान झाली? मेशिका तिचे कोण होते? जिला दोनदा तीनदा हातोहात देऊन टाकलं, जिला घर नाही, तिनं कुठल्या घराशी इमान राखायचं होतं? पुरुषांनी तह केले, त्लाश्कालाच्या सरदारांनी फौजा दिल्या, त्यांच्या नावाच्या शिव्या नाहीत. आपल्या इतिहासात दुभाषी आहेत, 1674 च्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील ऑक्झेंडन रायगडावर आला तेव्हा नारायण शेणवी मध्ये होते, त्यांना कुणी नावं ठेवत नाही. तिला कोर्तेसपासून मुलगा झाला, मार्तिन, तो पुढे स्पेनला नेला. तिचं लग्न कोर्तेसनं आपल्या एका कप्तानाशी लावून दिलं, एक मुलगी झाली, आणि काही वर्षांत, पंचविशी-तिशीतच, ती गेली. हजारो शब्द बोललेल्या या बाईचं तिच्या स्वतःच्या मनातलं एक वाक्य लिहिलेलं उरलेलं नाही.

चित्रं मात्र उरलीत. नाउआ चित्रकार बोलणं दाखवायला तोंडापुढे एक छोटा गुंडाळलेला शेंडा काढायचे, धुराच्या वेटोळ्यासारखा. फ्लोरेन्स कोडेक्समधल्या, म्हणजे साहागुनच्या त्या हस्तलिखित ग्रंथातल्या चित्रांत ती मध्ये उभी आहे, उइपिल हा तिकडच्या बायकांचा सैल झगा घातलेली, हात पुढे, आणि ती वेटोळी तिच्या तोंडाजवळनं निघतायत.

हा कोडेक्स जिथं झाला ते त्लातेलोल्को मी आईंबरोबरच पाहिलं. 13 ऑगस्ट 1521 ला शेवटची पडझड झाली ती तिथंच, जवळजवळ अडीच महिने वेढा, पाणी तोडलेलं, मेशिकांचा शेवटचा राजा कुआउतेमोक पकडला गेला. तिथल्या दगडावर लिहिलंय की हा विजयही नव्हता आणि पराभवही नव्हता, आजचं मेक्सिको आहे त्या मिश्र लोकांचा तो वेदनेचा जन्म होता. मी आईंना वाचून दाखवलं, यावेळी शब्दाला शब्द लावून. त्या म्हणाल्या, जन्म म्हणणं सोपं असतं गं, बाळंतिणीला विचारायला पाहिजे.

त्या पडलेल्या शहरावर पंधरा वर्षांत, 1536 ला, पाद्र्यांनी नाउआ मुलांसाठी कॉलेज काढलं, लॅटिन शिकवलं, आणि साहागुननं त्यातल्याच शिकलेल्या नाउआंना बरोबर घेऊन, आंतोनियो वालेरियानो हे त्यातलं एक नाव, बारा भागांचा ग्रंथ केला, एका बाजूला नाउआत्ल, एका बाजूला स्पॅनिश, अडीचेक हजार चित्रं. 1576 च्या साथीत हे काम चाललं होतं, बाहेर माणसं मरतायत आणि आत लिहितायत. शेवटी शेवटी बरीच चित्रं रंगाविना राहिलीत. लढाई हरलेल्यांच्या तोंडून, हरलेल्यांच्या भाषेत सांगितलेली त्यातल्या बाराव्या भागात आहे. नाउआत्लचं पहिलं व्याकरण 1547 चं, आंद्रेस दे ओल्मोसचं, इंग्रजीचं छापील व्याकरण यायला अजून एकोणचाळीस वर्षं होती.

जाळणारा आणि जपणारा कधी कधी एकच माणूस असतो, हे मला पचायला वेळ लागला. युकातानमध्ये दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्यानं 12 जुलै 1562 ला मानी गावात मायांची पुस्तकं जाळली, सैतानाचं खोटं आहे सगळं म्हणून. लोकांना त्याचं फार दुःख झालं असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. आज माया पुस्तकं जगात चार उरलीत. चार. आणि ती लिपी पुढे उलगडली ती याच लांदाच्या वहीमुळे, कारण त्यानं एका माया माणसाला बसवून विचारलं होतं की तुमची अक्षरं कशी. लांदा स्पॅनिश अक्षरांची नावं घेत होता, बे, से, आणि तो माणूस प्रामाणिकपणे 'बे' आणि 'से' या आवाजांची चिन्हं काढत होता, कारण त्यांची लिपी आपल्या बाराखडीसारखी, चिन्हाला स्वर चिकटलेलाच. लांदाला वाटलं ही एबीसीडी. पुढे चारशे वर्षं कुणाला मेळ लागेना, 1952 मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोवनं ओळखलं की ही बाराखडीसारखी, स्वरासकट आवाजाची चिन्हं आहेत. का-का-वा लिहायचं आणि 'काकाव' वाचायचं, म्हणजे कोको, शेवटचा स्वर खायचा, आपण 'घर' लिहून घर् म्हणतो ना अगदी तसं. मराठी पोराला हे दहा मिनिटांत समजेल. लांदानं त्या माणसाला एक वाक्य पण लिहायला लावलं. त्यानं लिहिलं 'मा इन काती'. म्हणजे, मला नको आहे.

गोव्यात हेच झालं, त्याच सुमारास. पुस्तकं तिथंही जाळली, आणि तिथंच फादर स्टीफन्सनं मराठीत ख्रिस्तपुराण लिहिलं, 1616 ला राचोलला छापलं, कोकणीचं व्याकरणही केलं. मग 1684 ला व्हाइसरॉयचा हुकूम, तीन वर्षांत कोकणी सोडा. मेक्सिकोत 1770 ला स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसचा हुकूम, इथल्या भाषा संपल्या पाहिजेत. मायांचं शेवटचं राज्य, पेतेनच्या तळ्यातलं नोहपेतेन, पडलं ते 1697 ला, म्हणजे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते तेव्हा. इतकी वर्षं त्यांनी दम धरला, आणि आपण एका वाक्यात 'माया नष्ट झाले' म्हणून टाकतो.

नष्ट कुठं? 2020 च्या जनगणनेत मेक्सिकोत साडेसोळा लाख लोकांनी नाउआत्ल सांगितली, पावणेआठ लाखांनी युकातानची माया, ग्वाटेमालात तर बावीस माया भाषा सरकारदरबारी मान्य आहेत. 2003 च्या कायद्यानं मेक्सिकोत या राष्ट्रीय भाषा झाल्या. पण ला मेर्सेदच्या त्या बाईला मी विचारलं होतं, तुमची मुलं बोलतात का. म्हणाली, कळतं त्यांना. बोलत नाहीत. शाळेत हसायचे म्हणून मीच बोलायचं सोडलं त्यांच्याशी. हे मी आईंना सांगितलंच नाही त्या दिवशी, मग विमानतळावर सांगितलं.

आणि आपल्या ताटात तर त्यांचे शब्द रोज असतात. टोमॅटो तोमात्ल. चॉकलेट तिकडचं. चिकूचं मूळ नावही नाउआत्लच, स्पॅनिशमधनं इकडे आलेलं, 'सापोटा'तला त्सापोत्ल म्हणजे गोड फळ, आणि त्या झाडाच्या चिकाला ते त्सिक्त्ली म्हणायचे, चघळायचे. चीक आणि त्सिक्त्ली हा योगायोगच, पण कच्चा चिकू कापताना बोटं चिकटली की मला आठवतंच. भुईमुगाला ते म्हणायचे त्लालकाकाउआत्ल, त्लाल्ली म्हणजे माती, भुई, आणि पुढे कोको. भुईतला कोको. आपल्या पूर्वजांना हे नाव कुणी सांगायला आलं नव्हतं, परकी शेंग हातात आली, त्यांनी आपलं ओळखीचं कडधान्य घेतलं आणि पुढे भुई लावली. दोन टोकांची दोन माणसं, मातीत हात, एकाच रीतीनं नाव ठेवणारी. मध्ये कुणी दुभाषी नाही.

पाटा काही विमानात आणता आला नाही, वजन फार. मेत्लापिल आईंनी साडीत गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातला आणि कस्टमला विचारतील काय सांगू म्हणून पूर्ण प्रवासभर काळजी केली. कुणी विचारलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात नणंदेच्या मुलीचं बारसं झालं, कराडला. वरवंटा आणा कुणीतरी, अशी हाक झाली, आणि आता कुणाकडे असतोय वरवंटा, सगळ्यांकडे मिक्सर. आई आत गेल्या, कपाटातनं तो काळा लांबट दगड घेऊन आल्या, त्याला लाल टोपडं बांधलेलं, काजळाची तीट लावलेली. पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहिल्या, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. शेजारच्या काकूंनी हातात घेतल्यावर म्हटलं, अय्या, हा कसला गं, लांबच लांब, कुठनं आणलाय?

आई म्हणाल्या, "मेत्लापिल." 'त्ल' अगदी नीट म्हणाल्या. मग काकूंच्या हातातनं घेऊन पाळण्याखालनं पलीकडे देत म्हणाल्या, "पाट्याचं पोर. मामाच्या गावाहनं आलंय."